माळावरचे नऊ झेंडे

चिंतामणराव अवधानी मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि या तीन वर्षांत ते व्हरांड्यातल्या आरामखुर्चीपासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंतसुद्धा चालत गेले नव्हते. डॉक्टरांनी रोज दोन मैल चालायला सांगितलं. चिंतामणरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, औषधाची बाटली खिशात घातली आणि टांगा करून घरी आले. "तीस वर्षं सरकारचा पगार घेऊन चाललो," ते मुलीला म्हणाले, "फुकट चालायची मला सवय नाही."

मुलगी पद्मजा अठ्ठावीस वर्षांची, सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत शिक्षिका. तिच्या लग्नाचा विषय घरात केव्हाच मिटला होता आणि गल्लीत मात्र अजून चालू होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात दोघंच, आणि बोलण्यासारखं थोडंच. बारा दिवसांपूर्वी तिला बडोद्याहून पत्र आलं होतं. तिथल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा तिला देऊ केली होती आणि एक जानेवारीच्या आत होकार कळवायचा होता. पत्र तिने पर्समध्ये ठेवलं. रोज संध्याकाळी ती ते वडिलांना सांगायचं ठरवायची. रोज चिंतामणराव जेवता जेवता "आज आमटी तुझ्या आईसारखी झालीय" असं काहीतरी म्हणायचे, आणि पत्र पर्समध्येच राहायचं.

उपाय सुचला तो मिस पार्करमुळे. या बाई तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. दर रविवारी सकाळी त्या पद्मजाला मैदानावर नेऊन गोल्फ शिकवायच्या, आणि गेल्या वर्षी कायमच्या मायदेशी जाताना पाच काठ्यांची कातडी पिशवी तिलाच देऊन गेल्या. त्यांचा भाऊ म्हणे दर हिवाळ्यात म्हाताऱ्या वडिलांना घेऊन मिसर देशाच्या वाळवंटात गोल्फ खेळायला जायचा. "तिथं गवत नसतं, माणसं नसतात," बाई सांगायच्या, "त्यामुळं बापलेकांना एकमेकांशी बोलल्यावाचून गत्यंतर नसतं." पद्मजाने विचार केला. सोलापूरच्या आसपास वाळवंट नव्हतं, पण माळाला काही तोटा नव्हता. अण्णांचं चालणं होईल आणि आपलं बोलणं होईल.

तिच्या वर्गातली एक मुलगी अक्कलकोटच्या बाजूच्या कल्लवाडीची होती. तिची आई रत्नम्मा दोन वर्षं हुरड्याला बोलावत होती. नाताळच्या सुटीत तिकडे जाऊ या असं पद्मजाने भीत भीत सुचवलं. चिंतामणरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कल्लवाडी?"

"हो. तिथं मोठा माळ आहे म्हणतात. आपण गोल्फ खेळू."

"ते काय ते खेळू," चिंतामणराव म्हणाले. "कधी निघायचं?"

तीन वर्षांत त्यांनी एवढ्या लवकर कशाला होकार दिला नव्हता. पद्मजाने त्याचं श्रेय हुरड्याला दिलं.

पहिल्या दिवशी सकाळी दोघं माळावर गेली. मुरमाड, उघडाबोडका माळ, मधूनच एखादी बाभळ, आणि कडेकडेने ज्वारीची रानं. पौषातली थंडी. चिंतामणरावांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि त्यांच्या काखेत एक जड गाठोडं होतं. पद्मजा म्हणाली, नऊ ठिकाणी खड्डे करायचे, प्रत्येकाशेजारी झेंडा लावायचा, आणि काठीने मारत मारत चेंडू त्यात घालायचा. झेंड्यांसाठी कापड तिने आणलंच नव्हतं. चिंतामणरावांनी गाठोडं सोडलं. त्यात कचेरीची दप्तरं बांधायचे दोन जुने लाल रुमाल होते. त्यांनी ते टराटरा फाडले आणि तुराट्यांना बांधून नऊ झेंडे तयार केले. गाठोड्यात आणखी एक वस्तू होती. ती त्यांनी बाहेर काढली तेव्हा पद्मजाच्या लक्षात आलं, की हे गाठोडं बैलगाडीत चढवताना गाडीवान एवढा का कण्हला. ती तेहतीस फुटी लोखंडी मोजणीची साखळी होती.

"अण्णा, ही कशाला?"

"चेंडू किती लांब गेला ते कळायला नको? अंदाजपंचे खेळणं मला जमणार नाही."

झालं ते असं. चिंतामणरावांनी पहिला टोला मारला, त्याने चेंडू जागचा हलला नाही, मात्र ओंजळभर मुरूम पुढे जाऊन पडला. दुसऱ्या टोल्याला तेच. मग त्यांनी काठी मुलीच्या हाती दिली आणि म्हणाले, "तू मार, मी मोजतो." पद्मजाने मारलेला चेंडू लांब गेला. त्याच्याकडे धावायला निघालेल्या मुलीला त्यांनी थांबवलं, साखळीचं एक टोक तिच्या हातात दिलं, आणि दुसरं टोक घेऊन स्वतः ताडताड चालू लागले. "साडेपाच साखळ्या! लिही, पद्मे." वही तिच्याकडे होतीच. तिसऱ्या खड्ड्यापाशी येईपर्यंत दुपार झाली, वहीची दोन पानं भरली, आणि तीन वर्षं न चाललेले अण्णा दोन मैलांपेक्षा जास्त चालले.

"अण्णा, मला एक सांगायचंय," पद्मजा म्हणाली.

"आधी आकडा लिही. आकडा विसरतो, बोलणं काही विसरत नाही."

ती आकडा लिहीत असतानाच शेजारच्या ज्वारीतून एक शेतकरी आला. खांद्यावर घोंगडी, हातात गोफण. हा महिपती. त्याने एकदा झेंड्याकडे, एकदा साखळीकडे, एकदा वहीकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "रावसायेब, ह्यो झेंडा माज्या रानाच्या कडंला कशापायी लावलाय?"

"खेळ आहे हा," पद्मजा म्हणाली. "त्या चेंडूला या काठीनं मारायचं आणि त्या खड्ड्यात घालायचं."

महिपतीने मफलर गुंडाळलेल्या चिंतामणरावांकडे नीट पाहिलं.

"ह्ये खेळत्यात?"

"हो."

"बरं, बरं. खेळ तर खेळ की," महिपती म्हणाला आणि समजूतदारपणे हसून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कल्लवाडीला कळलं की सरकारची मोजणी आली. गावाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. दप्तराच्या लाल कापडाचे झेंडे, लोखंडी साखळी, आकडे सांगणारा म्हातारा आणि लिहून घेणारी शिकलेली बाई, इतकं असल्यावर त्याला खेळ कोण म्हणणार? गावच्या हिंदुरावांनी तर चावडीवर साफ सांगून टाकलं, "मागं एक सायेब फुलपाकरं धराय आल्ता. सा म्हयन्यात हितनं सडक गेली. माज्या दोन बाभळी गेल्या त्यात. सरकारी मानूस कंदी खरं बोलतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नम्माच्या पडवीत विरजणाची तीन मडकी, हुरड्याच्या कणसांचा ढीग आणि एक जिवंत कोंबडा येऊन पडला होता. रत्नम्मा लिंगायत, चिंतामणराव ब्राह्मण, त्यामुळे कोंबड्याकडे सगळ्यांनीच अवघडून पाहिलं. "बर्री, बर्री, या की," रत्नम्मा पाहुण्यांना दह्याकडे वळवत म्हणाली. "हे तुमच्यासाठी आलंय की. नको म्हटलं तर माझ्यावर चिडतेत. म्हंतेत, तू सरकार घरात ठेवलीस आणि आमाला भेटू देत नाहीस."

"आम्ही सरकार नाही हो," पद्मजा म्हणाली.

"हौद की, खरंच की. मी पण तेच सांगितलं. त्यावर हिंदुराव म्हंतो, तुला गप बसायला सांगितलं असंल."

माळावर जाऊन पाहतात तो झेंडे भलतीकडेच. महिपतीच्या कडेचा झेंडा हिंदुरावांच्या रानात, हिंदुरावांचा गायरानात, आणि तीन तर चक्क ओढ्याच्या पात्रात. ज्याच्या रानाजवळ झेंडा होता त्याने तो उपटून दुसऱ्याच्या हद्दीत रोवला होता, आणि त्या दुसऱ्यानेही तेच केलं होतं. खड्डे तेवढे जागेवर होते. चिंतामणराव संतापले. झेंडे हलले याचा राग नव्हता. कालची दोन पानं वाया गेली म्हणून होता. झेंडे पुन्हा जागेवर लावून त्यांनी सगळं पहिल्यापासून मोजायला घेतलं. पद्मजा साखळीचं टोक धरून दिवसभर त्यांच्यामागे फिरली. दोघांमध्ये कायम तेहतीस फुटांचं अंतर, त्यामुळे हळू आवाजात सांगण्यासारखं काहीच सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. मुक्ताबाई नावाच्या म्हातारीने एक साधा प्रश्न काढला. सरकारला जमीनच घ्यायची असली तर झेंडा पुरे, ते खड्डे कशाला पाडत्यात? आणि स्वतःच उत्तर दिलं, की पाणी बघत असणार. मग काय विचारता. ज्या माळावर तीन दिवसांपूर्वी एक खड्डा नव्हता तिथे दुपारपर्यंत चाळीस झाले. जो तो आपल्या रानात खड्डा पाडून चिंतामणरावांना बोलवायला येऊ लागला. "रावसायेब, जरा चेंडू आमच्याकडं पन मारा की. बाईसायबांस्नी सांगा, लई लांब न्हाय." पद्मजाने मारलेला चेंडू कुणाच्या तरी खड्ड्यात पडायचा, खड्डेवाला हात जोडायचा, आणि खेळ पुढे सरकायचाच नाही. मिस पार्करच्या भावाला वाळवंटात ही अडचण आली असेल असं तिला वाटेना. संध्याकाळी तिने पर्समधलं पत्र काढून पाहिलं. आता तीन दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी भांडण झालं. पाचवा झेंडा मुळात जिथे लावला होता ती जागा महिपती आणि हिंदुराव यांच्या बांधावर होती. तिथला तीन हात रुंदीचा पट्टा माझा, असं दोघंही वर्षानुवर्षं म्हणत आले होते. त्यापायी दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद होतं, एक लग्न मोडलं होतं, एकदा डोकंही फुटलं होतं. आता तिथे झेंडाही होता आणि खड्डाही. सकाळी झेंड्याची भीती जास्त होती, म्हणून महिपती ओरडत होता, "ही जागा हिंदुरावाची. आमचा काय सबंद न्हाय." आणि हिंदुराव ओरडत होते, "आरं जा! तुज्या आज्यापासनं ही जागा तुमचीच हाय." दहाच्या सुमाराला कुणीतरी पाण्याची आठवण करून दिली. लगेच दोघांनी शब्द फिरवले आणि त्याच जोराने जागा परत आपापल्याकडे घेतली. मग महिपतीने गोफण उचलली आणि हिंदुरावांनी झेंड्याची तुराटी उपटली.

"थांबा," चिंतामणराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण तीस वर्षं बांधावर उभं राहून कमावलेला होता. दोघंही थांबले. चिंतामणराव बांधाच्या टोकापासून पावलं टाकत गेले, एका बाभळीपाशी थांबले, पायाने माती उकरून पाहिली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पद्मजा जवळ गेली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इथं दगड हवा होता," ते म्हणाले. "हद्दीचा."

"कुणीतरी काढला असेल, अण्णा."

"घातलाच नव्हता." मग ते वळून त्या दोघांना म्हणाले, "ह्या शिवाराची मोजणी मी केलीय. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, याच दिवसांत. एवढा एक दगड राहिला होता. दुपारी सोलापूरहून माणूस आला, घरी मुलगी झाली म्हणून सांगत. मी वहीत 'दगड घातला' असं लिहून टाकलं आणि स्टेशनाकडं पळत सुटलो. म्हटलं, पुढच्या खेपेला घालू. मग माझी बदली झाली. तुमचं जे काही बिघडलं ते माझ्यापायी."

महिपती आणि हिंदुराव, दोघंही पद्मजाकडे पाहू लागले. आपल्या भांडणाचं वय उभं समोर दिसावं असा प्रसंग माणसावर वारंवार येत नाही. पद्मजाला ओशाळल्यासारखं झालं. आणि आपल्या बातमीने अण्णा एकदा सरकारी काम टाकून धावले होते, हे तिला आजच कळलं. घरात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हंजी ह्ये खेळ न्हवता न्हवं?" हिंदुरावांनी शेवटी विचारलं.

"खेळच होता. मी आता सरकारी माणूस नाही. मला काही अधिकार नाही. पण तुमची दोघांची हरकत नसेल तर ती रेघ कुठून जाते ते मला अजून सांगता येईल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ज्यानं चूक केली त्येलाच ठावं की कुटं चुकलं," महिपती म्हणाला. "मोजा तुमी." मोजायला दीड तास लागला. पट्टा अर्धा याचा आणि अर्धा त्याचा निघाला, म्हणजे अठ्ठावीस वर्षं दोघंही निम्मे खरे होते. हिंदुरावांनी स्वतः दगड वाहून आणला, महिपतीने खड्डा मोठा केला, आणि गोल्फचं पाचवं भोक कायमचं बुजलं. दगड बसतोय न बसतोय तोच मुक्ताबाई पुढे आली. तिच्याही बांधाचं असंच काहीतरी होतं. तिच्यामागे आणखी दहा जण उभे होते.

दुपारी बापलेक रत्नम्माच्या पडवीत हुरडा खात बसली होती. पद्मजाने आज काहीही झालं तरी सांगायचंच असं ठरवून पर्स जवळ ओढली. तेवढ्यात चिंतामणरावांनी घसा खाकरला.

"पद्मे, तू रागावणार नसलीस तर एक बोलतो. मला इथं राहावं लागेलसं दिसतंय. अकरा बांध आहेत. रत्नम्मा मागची खोली देते म्हणते. पाडव्यापर्यंत तरी लागतील, कदाचित पुढंही. घरी तू एकटी पडशील, ते काही मला बरं वाटत नाही. पण काम माझंच राहिलेलं आहे."

पद्मजा त्यांच्याकडे बघतच राहिली. सोळा दिवस तिने ज्या माणसाला एकटं टाकायची धास्ती घेतली होती, तोच माणूस तिला एकटं टाकून निघाला होता. आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिला चांगलाच राग आला. आपल्यावाचून यांचं इतकं सहज चालणार आहे? मग आपण रात्ररात्र जागलो ते कशासाठी? तिने पत्र काढून त्यांच्यापुढे टाकलं. "मग हे वाचा."

चिंतामणरावांनी पत्र उचललं नाही.

"बडोद्याचं ना?" ते म्हणाले. "पोस्टमन पाकीट माझ्याच हातात देऊन गेला होता. मीच ते तुझ्या टेबलावर ठेवलं. बडोद्याच्या शाळेनं तुला सहज पत्र लिहिलं नसणार, एवढं मला कळतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? जा म्हणायला तोंड उघडत नव्हतं. नको म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. आणि मी त्या खुर्चीत रिकामा बसलेला असताना तू गेली असतीस, तर तुझं तिकडं चित्त लागलं नसतं. तू कल्लवाडीचं नाव काढलंस तेव्हा म्हटलं, बघू, दगडाचं काय झालं ते तरी बघून येऊ. बसल्या जागी तोही अलीकडं फार आठवायला लागला होता." ते थोडा वेळ हुरड्याचे दाणे मळत राहिले. "आता लोकांना सांगताना नीट क्रमानं सांग. आधी म्हातारा घर सोडून गेला, मग मुलगी गेली. गल्लीत तुला कुणी बोल लावता कामा नये."

पद्मजाला रडू आवरेना. रत्नम्मा ताकाचा गडवा घेऊन येत होती, ती दारातूनच मागे फिरली.

पाचव्या दिवशी सकाळी पद्मजा एकटीच परत निघाली. होकाराची तार लिहून तयार होती, स्टेशनवरून करायची होती. गाडी जुंपली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. रावसाहेब मागे राहतात आणि लिहिणाऱ्या बाई चालल्या, याचा अर्थ लावण्यात सगळे गुंतले होते. हिंदुरावांनी तो लावलासुद्धा. "मी म्हणत न्हवतो?" ते महिपतीला म्हणाले. त्या दोघांचं कालपासून बोलणं सुरू झालं होतं. "सरकारी मानसंच ही. बाईसायबांची बदली झाली बग." आणि खात्री करून घ्यायला त्यांनी चिंतामणरावांनाच विचारलं, "व्हय की न्हाय, रावसायेब? बदली झाली न्हवं?"

पद्मजाने वडिलांकडे पाहिलं. आम्ही सरकारी नाही, हे गेले चार दिवस सगळ्या गावाला सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. चिंतामणराव गाडीच्या चाकाला हात लावून उभे होते. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, मग जमलेल्या गावाकडे.

"हो," ते म्हणाले, "बडोद्याला. बढतीवर चाललीय."